कच्चा गडी, पक्का संघ: मिर्चा लुचेस्कू यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द समजून घेताना

फुटबॉल प्रशिक्षकाचे मोजमाप आपण सहसा त्याने जिंकलेल्या करंडकांवरून करतो. त्या मापाने पाहिले, तर रोमानियाचे मिर्चा लुचेस्कू हे जगातील अत्यंत यशस्वी प्रशिक्षकांच्या पहिल्या पंगतीत बसतात. तीसहून अधिक करंडक त्यांच्या नावावर आहेत. रोमानिया, तुर्कस्तान आणि युक्रेन या तीन देशांत त्यांनी लीग विजेतेपदे मिळवली. तुर्कस्तानात तर एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या दोन क्लबांना त्यांनी लागोपाठच्या हंगामांत विजेतेपद मिळवून दिले. पण हेच लुचेस्कू इटलीतल्या पीसा क्लबमधून हंगाम संपण्यापूर्वी दूर केले गेले, इंटर मिलानमध्ये चार महिनेही टिकले नाहीत, आणि तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाला २०१८ च्या विश्वचषकापर्यंत नेऊ शकले नाहीत. एकाच माणसाच्या हातून इतके परस्परविरोधी निकाल कसे लागतात, हे कोडे करंडकांची यादी वाचून सुटत नाही. त्यासाठी ते नेमके काय काम करत होते, हे पाहावे लागते.

प्रशिक्षकाच्या कामात खरे तर दोन वेगळी कामे मिसळलेली असतात. पहिले काम म्हणजे हाताशी असलेल्या तयार खेळाडूंची योग्य मांडणी करून येत्या रविवारचा सामना जिंकणे. दुसरे काम म्हणजे अजून तयार न झालेला खेळाडू ओळखणे, त्याला संघात घेणे, त्याच्या चुका काही काळ पोटात घालणे आणि दोन-तीन वर्षांत त्याला मोठा करणे. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाला हा भेद सांगावा लागत नाही. फडात उतरवायचा गडी आणि तालमीत घडवायचा गडी यांचा खुराक आणि मेहनत वेगळी असते, हे त्याला ठाऊक असते. लुचेस्कू पहिले काम उत्तम जाणत होते, पण त्यांचा जीव दुसऱ्या कामात होता. त्या कामाला वेळ लागतो. त्यांच्या कारकिर्दीतले चढउतार समजून घ्यायचे, तर कोणत्या क्लबने त्यांना किती वेळ दिला, हे आधी पाहावे, असे मला वाटते.

लुचेस्कू यांचा जन्म २९ जुलै १९४५ रोजी बुखारेस्टमध्ये झाला. ते बगलेवरून खेळणारे आघाडीचे खेळाडू होते, दिनामो बुखारेस्ट क्लबकडून त्यांनी अनेक लीग विजेतेपदे मिळवली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ते रोमानियाचे कर्णधार होते. त्या स्पर्धेत रोमानियाच्या वाट्याला इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पेलेंचा ब्राझील असा अवघड गट आला होता. ब्राझीलविरुद्धचा सामना रोमानियाने २-३ असा गमावला, पण ब्राझीलचा तो संघ पुढे जगज्जेता झाला हे लक्षात घेतले, तर तो पराभव लाजिरवाणा म्हणता येत नाही. ब्राझिलियन फुटबॉलशी लुचेस्कू यांची जवळून गाठ पडली ती तिथे, आणि तीस-पस्तीस वर्षांनी तिला वेगळेच फळ आले.

४ मार्च १९७७ रोजी रोमानियात मोठा भूकंप झाला. दीड हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली बहुसंख्य बुखारेस्टमधली होती. त्यानंतर लुचेस्कू यांनी कुटुंबासह राजधानी सोडली आणि ते ट्रान्सिल्व्हेनियातील हुनेदोआरा या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी गेले. तिथल्या कोर्विनुल या क्लबचे नाव गावातल्या किल्ल्याशी निगडित असलेल्या कोर्विन घराण्यावरून पडलेले आहे. बाकी देशाच्या फुटबॉलमध्ये त्या क्लबची फारशी गणना नव्हती. १९७९ मध्ये लुचेस्कू त्याचे खेळाडू-प्रशिक्षक झाले, म्हणजे मैदानात खेळायचेही त्यांनी आणि संघ चालवायचाही त्यांनीच. मोठे खेळाडू विकत घेण्याची सोय या गावात नव्हती, त्यामुळे विशीच्या आतबाहेरच्या मुलांवर भिस्त ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. मिर्चा रेडनिक, योआन आंदोने, मिखाएल क्लाइन आणि रोमुलुस गाबोर ही ती मुले. क्लब दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा वर आला आणि १९८१-८२ च्या हंगामात पहिल्या श्रेणीत तिसरा आला. लुचेस्कू यांची पुढची सगळी पद्धत या गावात बीजरूपाने दिसते: थोडेसे अनुभवी, पुष्कळसे कोवळे, आणि चुका करायला मोकळीक. निदान सुरुवातीला तरी ही पद्धत तत्त्व म्हणून स्वीकारलेली नव्हती, गरजेतून जन्मली होती, हे मात्र विसरू नये.

हुनेदोआरातल्या कामामुळे १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता गटात रोमानियासमोर इटली, चेकोस्लोव्हाकिया आणि स्वीडन होते. इटली तेव्हा जगज्जेती होती; एप्रिल १९८३ मध्ये बुखारेस्टमध्ये लास्लो बोलोनी यांच्या गोलवर रोमानियाने तिला १-० असे हरवले, गटात पहिले स्थान मिळवले आणि या स्पर्धेची अंतिम फेरी प्रथमच गाठली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॉर्वेविरुद्ध त्यांनी अठरा वर्षांच्या एका मुलाला राष्ट्रीय संघात उतरवले. त्याचे नाव गेओर्गे हाजी. रोमानियाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा हा खेळाडू पुढे तीन वेगवेगळ्या दशकांत लुचेस्कू यांच्या हाताखाली खेळला. १९८६ च्या विश्वचषकाची संधी मात्र एका गुणाने हुकली. उत्तर आयर्लंडने बुखारेस्टमध्ये येऊन १-० असा विजय मिळवला, आणि १९८६ मध्ये लुचेस्कू यांचे राष्ट्रीय संघाचे पर्व संपले.

याच सुमारास ते दिनामोमध्ये परतले. त्या काळच्या रोमानियन फुटबॉलचे राजकारण समजून घेतल्याशिवाय हा टप्पा कळत नाही. स्तेआवा हा लष्कराचा क्लब होता आणि दिनामो गृहखात्याचा. स्तेआवाने १९८६ मध्ये युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च असा युरोपीय चषक जिंकला आणि सलग पाच वर्षे लीगही आपल्याकडे ठेवली. शिवाय हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांचा मुलगा वालेंतीन या क्लबच्या पाठीशी होता. १९८८ च्या रोमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात दिनामोशी १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला स्तेआवाचा गोल नाकारला गेला, तेव्हा स्तेआवाचा संघ मैदान सोडून निघून गेला, आणि तरीही चषक त्यांनाच देण्यात आला. नंतर राजवट बदलल्यावर स्तेआवाने तो परत देऊ केला, पण दिनामोने घेतला नाही. अशा वातावरणात लुचेस्कू यांनी पुन्हा तरुणांचा संघ बांधला, १९८९-९० मध्ये लीग आणि चषक असे दोन्ही जिंकले, आणि त्याच हंगामात युरोपीय चषकविजेत्या क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. डिसेंबर १९८९ मध्ये क्रांती झाली होती आणि सीमा खुल्या झाल्या होत्या. जो संघ घडवला त्याचे खेळाडू पाहता पाहता पश्चिम युरोपात पांगले, आणि त्यांच्यासारखेच लुचेस्कूही इटलीला गेले.

इटलीतली वर्षे त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत कमी यशाची, पण माझ्या मते सर्वांत बोलकी. पीसामध्ये ते एक हंगामही पुरा करू शकले नाहीत. ब्रेशिया या छोट्या क्लबला मात्र त्यांनी १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीत नेले, आणि तिथे हाजीसह चार रोमानियन खेळाडू गोळा केले. माद्रिदच्या रेआल क्लबमधून हाजी ब्रेशियात येतो, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. संघ १९९३ मध्ये खाली घसरला, १९९४ मध्ये पुन्हा वर आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा घसरला. याच क्लबच्या कुमार गटातल्या आंद्रेआ पिर्लो नावाच्या मुलाला लुचेस्कू यांनी कोवळ्या वयात वरिष्ठ संघाच्या सरावात ओढले. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. इंटर मिलानचा प्रकार याच्या अगदी उलट होता. १९९८ च्या अखेरीस तिथल्या प्रशिक्षकाला तडकाफडकी दूर करून लुचेस्कू यांना बोलावण्यात आले. संघात रोनाल्डो आणि रोबेर्तो बाजो यांच्यासारखे जगद्विख्यात खेळाडू होते, आणि कोणाला घडवायला वेळ नव्हता. मार्च १९९९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या एका हंगामात इंटरने एकूण चार प्रशिक्षक पाहिले, हे लक्षात घेतले तर दोष कितपत लुचेस्कू यांचा होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वेळेचे जे सूत्र मी वर मांडले, त्याला तुर्कस्तान हा अपवाद आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २००० मध्ये ते गलातासरायचे प्रशिक्षक झाले. क्लबने नुकताच यूएफा चषक हा युरोपातल्या क्लबांचा दुसऱ्या क्रमांकाचा चषक जिंकला होता, संघ तयार होता, आणि त्यात पस्तिशीतला हाजी होता. ऑगस्टमध्ये मोनाकोत झालेल्या युरोपीय सुपर चषकात त्यांनी रेआल माद्रिदला २-१ असे हरवले, पुढच्या वसंतात चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब-स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २००१-०२ ची तुर्की लीग जिंकली. विजेतेपदानंतरही क्लबने त्यांना निरोप दिला आणि आधीचे प्रशिक्षक फातिह तेरिम यांना परत आणले. लुचेस्कू शहर न सोडता इस्तंबूलच्याच बेशिक्ताश क्लबमध्ये गेले आणि त्या क्लबच्या शताब्दी वर्षात, म्हणजे २००३ मध्ये, त्याला विजेतेपद मिळवून दिले. म्हणजे तयार संघ हाताळणे त्यांना जमत नव्हते असे नाही. पण दोन्ही ठिकाणी दोन-दोन वर्षांतच मुक्काम हलला, आणि त्यांची खरी पद्धत ज्यामुळे जगाला कळली ते काम २००४ च्या मे महिन्यात युक्रेनमध्ये सुरू झाले.

शाख्तार हा डोनेत्स्क या कोळसा आणि पोलादाच्या शहरातला क्लब. नावाचा अर्थच खाणकामगार. युक्रेनमध्ये तोवर राजधानीतल्या दिनामो कीव्हचे राज्य होते आणि शाख्तारने पहिली लीग जिंकायलाच २००२ साल उजाडले होते. क्लबचे मालक रिनात अख्मेतोव्ह हे देशातले सर्वांत श्रीमंत उद्योगपती, त्यामुळे पैशाची वाण नव्हती. पण केवळ पैशाने इंग्लंड किंवा स्पेनमधला नामांकित खेळाडू डोनेत्स्कला येत नाही, कारण त्याला मोठी लीग, मोठे शहर आणि टीव्हीवरची प्रसिद्धी हवी असते. मग पैसा असूनही चांगला खेळाडू आणायचा कोठून, हा प्रश्न होता, आणि लुचेस्कू यांचे उत्तर ब्राझील हे होते.

या उत्तरामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ब्राझीलमध्ये दरवर्षी कितीतरी गुणी मुले तयार होतात, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला थेट युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये जाणे सोपे नसते. इटली आणि स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असे; इंग्लंडमध्ये कामाचा परवाना मिळवायला राष्ट्रीय संघातून पुरेसे सामने खेळलेले असावे लागत. मोठे क्लबही न पारखलेल्या मुलावर जागा खर्च करायला कचरत. युक्रेनमध्ये दार त्या मानाने सताड उघडे होते. शिवाय शाख्तार बहुतेक वर्षी चॅम्पियन्स लीग खेळत असे, म्हणजे डोनेत्स्कमध्ये राहूनही बार्सिलोना किंवा आर्सेनलविरुद्ध खेळता येत होते आणि मोठ्या क्लबांच्या नजरेत भरता येत होते. खेळाडूच्या दृष्टीने हा युरोपच्या दाराबाहेरचा ओटा होता, आणि क्लबच्या दृष्टीने कच्चा माल घेऊन पक्का माल विकण्याचा व्यवसाय. फर्नांडिन्यो वीस वर्षांचा असताना आला. विलियन, लुईझ आद्रियानो आणि डग्लस कोस्टा एकोणिसाव्या वर्षी. २०१३ मध्ये विलियन सुमारे साडेतीन कोटी युरोंना आणि फर्नांडिन्यो सुमारे चार कोटी युरोंना विकला गेला. २०१६ च्या सुरुवातीला आलेक्स तेशेरा सुमारे पाच कोटी युरोंना चीनला गेला.

पण माल आपोआप पक्का होत नसतो, आणि इथे प्रशिक्षकाचा वाटा सुरू होतो. लुचेस्कू अनेक भाषा बोलत आणि ब्राझिलियन मुलांशी पोर्तुगीजमध्ये संवाद साधत. घरापासून हजारो मैल दूर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत आलेल्या मुलासाठी ही साधी गोष्ट नव्हे. एकट्यादुकट्याऐवजी त्यांनी ब्राझिलियनांचा गट उभा केला, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला आधी आलेला हाताशी धरत असे. संघाची मांडणीही अशी होती की पुढच्या चौघांना कल्पकतेची मोकळीक मिळे, तर मागची फळी पूर्व युरोपीय खेळाडूंची आणि शिस्तीची असे: गोलरक्षक आंद्रिय पियातोव्ह, उजवीकडे क्रोएशियाचा कर्णधार दारियो सर्ना, डावीकडे रोमानियाचा राझ्वान राट्स. सर्ना आणि राट्स बगलेवरून वर चढत, त्यामुळे पुढचे ब्राझिलियन मध्यभागी सरकून आखूड पासांचा खेळ करू शकत. युक्रेनी हिवाळ्यात लीग जवळजवळ तीन महिने बंद असते. हा काळ इतर प्रशिक्षकांना अडचणीचा वाटेल, पण लुचेस्कू यांच्यासाठी तो परदेशातल्या लांबलचक शिबिरांचा, म्हणजे तालमीचा काळ होता. फर्नांडिन्यो हा आक्रमक खेळाडू याच काळात हळूहळू मागे सरकत मधल्या फळीचा कणा बनला, आणि आर्मेनियाचा हेन्रिख मखितार्यान २०१२-१३ मध्ये एका हंगामात २५ गोल करून युक्रेनी लीगचा विक्रम मोडता झाला.

याचे सर्वोच्च फळ २० मे २००९ रोजी मिळाले. त्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या गटात तिसरे आल्यामुळे शाख्तार यूएफा चषकात ढकलला गेला होता. तिथे टॉटनहॅम, सीएसकेए मॉस्को आणि मार्सेय यांना हरवून तो उपांत्य फेरीत पोहोचला, आणि समोर उभा ठाकला तो दिनामो कीव्ह. तो अडथळाही पार करून शाख्तार अंतिम सामन्यासाठी इस्तंबूलला आला. ज्या शहरात लुचेस्कू यांनी दोन क्लबांना विजेते केले होते, त्याच शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबच्या, म्हणजे फेनरबाह्चेच्या मैदानावर हा सामना झाला. लुईझ आद्रियानोच्या गोलला जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनकडून नाल्डोने उत्तर दिले, आणि जादा वेळेत जाद्सनने निर्णायक गोल केला. गंमत अशी की युक्रेनी आणि जर्मन क्लबांमधल्या या लढतीतले तिन्ही गोल ब्राझिलियनांनी केले. यूएफा चषक या नावाने खेळली गेलेली ती शेवटची स्पर्धा होती; पुढे तिला युरोपा लीग म्हणू लागले. दोन वर्षांनी शाख्तार चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतही पोहोचला, पण बार्सिलोनासमोर त्याचा निभाव लागला नाही.

बारा वर्षांत आठ लीग विजेतेपदे हा आकडा डोळे दिपवणारा असला, तरी त्याकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. युक्रेनी लीग मुख्यतः दोन क्लबांची होती आणि त्यांतल्या एकाच्या मागे अमाप संपत्ती होती. स्थानिक तरुणांना बचावात जागा मिळे, पण आक्रमणात ब्राझिलियनांना डावलून पुढे येणे युक्रेनी मुलाला फार कठीण जाई, ही टीका मला रास्त वाटते. मात्र पैसा इतर पुष्कळ मालकांनीही ओतला आहे. त्या पैशातून खेळाडू विकून जवळपास तितकाच बलवान संघ पुन्हा उभा करण्याचे चक्र बारा वर्षे चालवणे फार थोड्यांना जमले.

हे चक्र मोडले ते युद्धाने. २००९ मध्ये उघडलेले देखणे दोनबास अरेना हे मैदान २०१४ मध्ये सशस्त्र संघर्षाच्या टापूत सापडले आणि गोळाबारात त्याची हानी झाली. त्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यानंतर डग्लस कोस्टा, तेशेरा आणि फ्रेड यांच्यासह सहा परदेशी खेळाडूंनी युक्रेनला परतण्यास नकार दिला. नंतर ते आले. संघ कीव्हमध्ये राहू लागला आणि घरचे सामने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ल्विव्हमध्ये खेळू लागला. पुढच्या दोन्ही लीग दिनामो कीव्हने जिंकल्या. तरीही २०१६ मध्ये शाख्तार युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत होता, आणि युक्रेनी चषक जिंकूनच लुचेस्कू यांनी क्लबचा निरोप घेतला.

सेंट पीटर्सबर्गच्या झेनित क्लबमधला एक हंगाम आणि तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघातली दीड वर्षे यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखे आहे ते २०२० चे. जुलैमध्ये, पंच्याहत्तरी पुरी होत असताना, लुचेस्कू यांनी चक्क दिनामो कीव्हचे पद स्वीकारले. ज्या माणसाने बारा वर्षे आपल्याला हरवले, तोच आपल्या बाकावर बसणार, हे कीव्हच्या कडव्या पाठीराख्यांना मुळीच रुचले नाही. विरोध इतका तीव्र होता की काही दिवसांतच लुचेस्कू यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, पण अखेर ते राहिले. पहिल्याच हंगामात त्यांनी लीग, चषक आणि सुपर चषक असे तिन्ही जिंकून दिले. त्या शरद ऋतूत, २० ऑक्टोबरला, चॅम्पियन्स लीगच्या गटातला पहिला सामना कीव्हमध्ये युव्हेंटसशी झाला, आणि पाहुण्यांच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून आंद्रेआ पिर्लो उभा होता. ब्रेशियाच्या सरावातला तो मुलगा. सामना पिर्लोच्या संघाने २-० असा जिंकला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चहूबाजूंनी आक्रमण केले, देशातली लीग थांबली, आणि दिनामोला युरोपीय स्पर्धेतले घरचे सामने पोलंडमध्ये खेळावे लागले. अशा अवस्थेतही त्या उन्हाळ्यात लुचेस्कू यांच्या संघाने फेनरबाह्चेला बाद केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते या पदावरून पायउतार झाले आणि कारकीर्द संपली असे सर्वांनी धरले.

ऑगस्ट २०२४ मध्ये रोमानियाच्या महासंघाने त्यांना पुन्हा राष्ट्रीय संघ सोपवला. १९८६ मध्ये ते पद सोडल्याला अडतीस वर्षे झाली होती आणि त्यांचे वय एकोणऐंशी होते. त्या वर्षीच्या नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत रोमानियाच्या खात्यावर सहाही सामन्यांत विजय लागले आणि संघ वरच्या गटात गेला. त्यांच्या या दुसऱ्या पर्वात मधल्या फळीत खेळलेल्या खेळाडूंपैकी एक होता यानिस हाजी. १९८३ मध्ये नॉर्वेविरुद्ध लुचेस्कू यांनी ज्या अठरा वर्षांच्या मुलाला मैदानात उतरवले होते, त्याचा हा मुलगा.